बास गिटारचा पॉट बदलायचाय? २५०के, ५००के की २५के ते असं ठरवा

बासचा नॉब फिरवला की ॲम्पमधून खरखर येते, किंवा टोन कितीही फिरवा काहीच होत नाही, किंवा पॉटची (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरची) दांडीच लुळी पडलीय, अशा वेळी पॉट बदलायचा हे पटकन ठरतं. अडतं कधी तर ऑर्डर करायला बसलं की समोर २५०के (के म्हणजे हजार ओहम), ५००के, २५के, ए, बी, सॉलिड शाफ्ट, स्प्लिट शाफ्ट, मिनी, फुल साइज अशी रांग लागते तेव्हा. मग कोणाला विचारलं की एकच उत्तर मिळतं, "सिंगल कॉइलला २५०, हंबकरला ५००." सिंगल कॉइल म्हणजे एका गुंडाळीचा पिकअप (तारेचं कंपन पकडणारा भाग), आणि हंबकर म्हणजे दोन गुंडाळ्या मिळून हम, म्हणजे घरघर, घालवणारा. हे उत्तर गिटारवाल्यांकडून आलंय आणि बासमध्ये ते अर्धंच चालतं. फेंडरच्या प्रिसिजन बासचा १९५७ पासूनचा स्प्लिट पिकअप बघा ना, तो दोन तुकड्यांनी मिळून हम घालवतो, म्हणजे कामाने हंबकरच, तरी फेंडरने त्याला कायम २५०केच लावले. त्यामुळे पिकअपचं नाव बघून आकडा पाठ करण्यापेक्षा पॉट त्या सर्किटमध्ये नक्की काय करतो हे एकदा समजून घ्या, मग कुठलाही बास समोर आला तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल. पहिल्यांदाच बासचं झाकण उघडणाऱ्यांसाठी हे लिहितोय, त्यामुळे क्रमाने जाऊ.

पहिलं, पॉट खरंच गेलाय का ते बघा

खरखर म्हणजे पॉट मेला असं नसतं. आत एक कार्बनचा ट्रॅक असतो आणि त्यावरून एक सरकणारी पट्टी फिरते, त्यामध्ये धूळ आणि दमट हवेने गंज बसला की आवाज तुटक येतो, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर हे हमखास होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे घ्या, पॉटच्या पायांजवळ जी फट असते त्यातून एक छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. गंजलेले स्क्रू सोडवायला जो तेलकट स्प्रे वापरतात तो मारू नका, तेल आत राहतं आणि धूळ अजून धरतं. बऱ्याचदा एवढ्यावरच काम होतं आणि पैसे वाचतात.

ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाला बास असेल तर अजून एक शक्यता असते. प्रीॲम्पमधला (बासच्या आतल्या छोट्या ॲम्पमधला) डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर लीक झाला किंवा वायरिंग चुकलं तर पॉटवर डीसी व्होल्टेज येतं, आणि मग नवा कोरा पॉट लावला तरी तो खरखरतोच. तेव्हा मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, जॅकमध्ये केबल घालून बास चालू ठेवा (ॲम्प बंद असला तरी चालेल) आणि व्हॉल्युम पॉटच्या पायांवर जमिनीच्या म्हणजे ग्राउंडच्या तुलनेत मोजा. स्थिर व्होल्टेज दिसलं तर दोष पॉटचा नाही, प्रीॲम्पचा किंवा वायरिंगचा आहे.

पॉट खरंच बदलायचा कधी, तर दांडी आडवी हलतेय, ट्रॅक झिजून एका जागी आवाज पूर्ण गायब होतोय, पाय तुटलाय, किंवा कोणीतरी आधी चुकीच्या व्हॅल्यूचा लावून ठेवलाय तेव्हा.

दुसरं, बास पॅसिव्ह आहे की ॲक्टिव्ह

यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बॅटरी नाही तर पॅसिव्ह. बॅटरी आहे तर ॲक्टिव्ह, पण त्यातही दोन प्रकार, एक म्हणजे पिकअपच ॲक्टिव्ह (ईएमजीसारखे, ज्यांच्या आतच छोटा ॲम्प असतो) आणि दुसरा म्हणजे पिकअप साधे पॅसिव्ह पण पुढे प्रीॲम्प. या दुसऱ्या प्रकारातच नवशिक्यांची जास्त गडबड होते, कारण एकाच बासमध्ये प्रीॲम्पच्या आधीचे पॉट मोठ्या व्हॅल्यूचे आणि नंतरचे लहान व्हॅल्यूचे असू शकतात. त्याच्याकडे पुढे येतो.

तिसरं, आत्ता काय बसवलंय ते वाचा आणि मोजा

झाकण किंवा कंट्रोल प्लेट उघडा आणि काहीही सोडवायच्या आधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढा, वेगवेगळ्या बाजूंनी, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते स्पष्ट दिसलं पाहिजे. प्रिसिजनसारख्या बासमध्ये पिकगार्ड काढावा लागतो, त्यासाठी आधी तारा सैल करून घ्या.

पॉटच्या पाठीवर किंवा कडेला छापलेलं असतं. ए२५०के, बी५००के असं सरळ असेल तर उत्तमच. कधी नुसता २५४ असा कोड असतो, पहिले दोन आकडे तसेच घ्यायचे आणि तिसरा आकडा जितका तितकी शून्यं, म्हणजे २५ वर चार शून्यं, अडीच लाख ओहम, म्हणजे २५०के. तसंच ५०४ म्हणजे ५००के, २५३ म्हणजे २५के, ५०३ म्हणजे ५०के. जुन्या अमेरिकन बासवर १३७ ने सुरू होणारा लांब नंबर दिसला तर १३७ हा सीटीएस कंपनीचा कोड आहे आणि पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात, म्हणजे १३७६६१४ असेल तर १९६६ चा १४वा आठवडा. असा बास हातात आला तर जुना पॉट फेकू नका हं, पिशवीत घालून बाससोबतच ठेवा, त्या बासचं वय सांगणारा पुरावाच असतो तो.

छापलेलं पुसलं असेल तर मल्टीमीटर. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रिसिजन बासचा व्हॉल्युम पॉट सर्किटमध्ये असतानाच बाहेरच्या दोन पायांवर प्रोब लावलेत तर रीडिंग येईल साधारण १०के, आणि नवीन माणसाला वाटतं की अरे हा तर १०के चाच पॉट आहे. तसं नाहीये. पिकअपची कॉइल त्याच दोन पायांना जोडलेली असते, तिचा रेझिस्टन्स १०-११के च्या आसपास असतो, आणि मीटर दोन्ही मिळून मोजतो. म्हणून किमान पिकअपची गरम वायर (सिग्नलची, ग्राउंडची नव्हे) सोडवा, जमलं तर पॉट पूर्ण मोकळा करा आणि मगच बाहेरचे दोन पाय मोजा. २१०के आला, २७५के आला तरी घाबरू नका, तो २५०केच आहे. पॉटला वीस टक्के कमी-जास्त चालतं असं बनवणारेच सांगतात, म्हणजे २०० ते ३०० मधलं काहीही २५० म्हणून विकलं जातं.

चौथं, व्हॅल्यू नक्की करते काय

आता मुद्द्याची गोष्ट. पॉटमुळे आवाज "जास्त" होत नाही. पॉट हा पिकअपवरचा भार आहे, सतत जमिनीकडे जाणारी एक गळती, आणि ओहम जितके कमी तितकी गळती जास्त. पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स मिळून वरच्या फ्रिक्वेन्सीत एक उंचवटा तयार होतो, त्याला रेझोनन्स पीक म्हणतात, बासच्या आवाजातली ती धार, तारेवर नख लागल्याचा तो टणत्कार तिथेच असतो. कमी ओहमचा पॉट हा उंचवटा दाबतो, जास्त ओहमचा त्याला मोकळं सोडतो. म्हणून २५०के गोलसर वाटतो आणि ५००के चमकदार. खालचे सूर दोन्हीत जवळपास सारखेच राहतात.

पण, आणि हा पण मोठा आहे, पिकअपला एक पॉट दिसत नाही, सगळे पॉट एकदम दिसतात. सगळे नॉब पूर्ण उघडे असताना व्हॉल्युम पॉट आणि टोन पॉट पॅरलल असतात (टोनच्या कपॅसिटरला वरच्या फ्रिक्वेन्सी जणू सरळ वायरच समजतात). समान व्हॅल्यूचे पॅरलल म्हणजे नुसता भागाकार. प्रिसिजनमध्ये २५०के चे दोन, म्हणजे १२५के. फेंडरच्याच जॅझ बासमध्ये दोन व्हॉल्युम एक टोन, २५०के चे तीन, म्हणजे साधारण ८३के. एकाच आकड्याचे पॉट, पण जॅझवरचा भार प्रिसिजनपेक्षा बराच जास्त. यामाहा टीआरबीएक्स१७४ सारख्या पीजे (एक पिकअप प्रिसिजनचा, एक जॅझचा) बासमध्येही दोन व्हॉल्युम एक टोनच असतो, त्यामुळे हिशोब जॅझचाच लावायचा.

आता यातून काय निघतं बघा. जॅझ बासमध्ये तिन्ही पॉट ५००के केलेत तर एकूण होतात साधारण १६७के. म्हणजे "५००के लावला की आवाज कर्कश होतो" असं जे सरसकट सांगतात ते जॅझच्या बाबतीत तितकं खरं नाही, कारण तीन ५००के मिळूनही प्रिसिजनच्या मूळ १२५के पासून फार लांब जात नाहीत. प्रिसिजनमध्ये मात्र दोन्ही ५००के केलेत तर एकदम २५०के, म्हणजे भार निम्मा, आणि तो फरक ऐकू येतो, फ्रेटवर तार आपटल्याचा आवाज, बोटांची सळसळ सगळं पुढे येतं. कोणाला तेच हवं असतं, स्लॅप (तारेवर अंगठा आपटून) वाजवणाऱ्यांना विशेषतः, तर कोणाला ते नकोसं होतं. मधलं हवं असेल तर व्हॉल्युम ५००के आणि टोन २५०के, एकूण पुन्हा १६७के.

यावर ॲम्पच्या इनपुटचा भारही बसतो, तो बहुतेक ॲम्पना १ मेगओहम असतो, त्यामुळे प्रिसिजनचे १२५ उतरून १११के होतात आणि २५० चे २००के. आकडे थोडे जवळ येतात एवढंच.

पाचवं, मग २५०के की ५००के

माझं सरळ मत सांगतो. पॅसिव्ह प्रिसिजन किंवा जॅझ असेल आणि आवाज आवडत असेल, तर जे होतं तेच परत लावा, २५०के. त्या बासचा जो आवाज आपल्या कानात बसलाय तो त्या भाराखालीच रेकॉर्ड झालेला आहे, प्रिसिजन १९५१ पासून आणि जॅझ १९६० पासून बाजारात आहे आणि तेव्हापासून लोकांनी त्यांचा टोन याच आकड्यांच्या आजूबाजूला ऐकलाय. मोठे, जाड, गडद हंबकर असतील, गिब्सन थंडरबर्डच्या धाटणीचे, तर ५००के, कारण अशा कॉइलचा इंडक्टन्स जास्त असतो आणि २५०के खाली त्या गुदमरतात. पिकअप बदलला असेल तर पिकअप बनवणाऱ्याने जी व्हॅल्यू सांगितलीय ती घ्या, त्याने तीच धरून पिकअप गुंडाळलेला असतो.

५००के ला एक तोटा आहे जो दुकानात कोणी सांगत नाही. व्हॉल्युम थोडा कमी केलात की पॉटचा काही भाग सिग्नलच्या रस्त्यात आडवा येतो, आणि पुढची केबल कपॅसिटरसारखी वागते, दोन्ही मिळून वरचा आवाज कापतात. सर्वात वाईट जागा म्हणजे ट्रॅकचा बरोबर मध्य. २५०के च्या पॉटला तिथे (दोन्हीकडचे १२५के पॅरलल धरून) साधारण ६२के आडवे येतात, ५००के ला १२५के. केबल मीटरला १०० पिकोफॅरड धरली आणि सहा मीटर लांब धरली तर २५०के मध्ये कापणी सुरू होते साधारण ४२०० हर्ट्झला, आणि ५००के मध्ये २१०० हर्ट्झलाच. म्हणजे जो माणूस व्हॉल्युम कायम दहावर ठेवतो त्याला ५००के ने चमक मिळते, पण जो माणूस गाण्यागणिक व्हॉल्युम सातवर, सहावर आणून वाजवतो त्याला तोच ५००के जास्त मंद वाटू शकतो. तुम्ही कसे वाजवता हे आधी बघा आणि मग आकडा निवडा.

शिवाय तुमच्या कॅबिनेटला ट्वीटर आहे का तेही बघा. नुसता पंधरा इंची स्पीकर असलेला जुना कॅब असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सी तो मुळातच फार कमी देतो, तिथे २५० आणि ५०० मधला फरक शोधत बसावा लागतो. हेडफोनमध्ये किंवा ऑडिओ इंटरफेसमध्ये थेट वाजवत असाल तर लगेच कळेल.

आणि ५००के घेतलाय पण जास्त धार नकोय, किंवा दुकानात २५०के संपलेत, तर एक सोपा उपाय आहे. व्हॉल्युम पॉटच्या बाहेरच्या दोन पायांमध्ये ४७०के चा साधा रेझिस्टर सोल्डर करा, एकूण २४२के होतात, म्हणजे भार २५०के चाच. रेझिस्टर एक-दोन रुपयांचा. फक्त हे त्या पॉटवर करा जिथे पिकअपची वायर एका बाहेरच्या पायावर आहे आणि दुसरा बाहेरचा पाय ग्राउंडला. जॅझ बासमध्ये वायर बहुधा मधल्या पायावर असते, तिथे सरळ योग्य व्हॅल्यूचाच पॉट घ्या.

सहावं, ॲक्टिव्हचा मामला वेगळा

ॲक्टिव्ह पिकअपच्या आतला छोटा ॲम्प सिग्नलला जोर देतो, त्यामुळे लहान ओहमचा भार तो आरामात ओढतो. म्हणून तिथे २५के. ईएमजी आपल्या किटमध्ये २५के चे पॉट देते ते यासाठीच. आता अदलाबदल केली तर काय होतं? पॅसिव्ह पिकअपला २५के लावलात तर आवाज रजई पांघरल्यासारखा दबतो, धार संपते आणि लेव्हलही पडते. उलट ॲक्टिव्हला २५०के लावलात तर काही जळत-बिळत नाही, पण नॉब नीट चालत नाही, सगळा बदल एका टोकाला कोंबला जातो आणि व्हॉल्युमचा जणू बटन होतो, चालू नाहीतर बंद.

पॅसिव्ह पिकअप आणि पुढे प्रीॲम्प असेल तर वायर धरून चाला. पिकअपची वायर आधी ज्या पॉटवर जाते (बहुधा व्हॉल्युम किंवा दोन पिकअप मिसळणारा ब्लेंड) तो पॉट पिकअपला थेट दिसतो, तो २५०के किंवा ५००के हवा. प्रीॲम्पच्या आउटपुटनंतर व्हॉल्युम असेल तर तो २५के किंवा ५०के च्या घरात असतो. आणि बास, मिड, ट्रेबलचे जे पॉट आहेत त्यांच्या व्हॅल्यूशी खेळू नका, फिल्टर कुठे बसणार आणि किती बूस्ट मिळणार ते त्या व्हॅल्यूवरच ठरलेलं असतं. म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ मध्ये आत प्रीॲम्प घेऊनच आला, अशा बासमध्ये प्रत्येक पॉट वेगळ्या व्हॅल्यूचा आणि वेगळ्या टेपरचा (नॉब फिरवला की ओहम कसे बदलत जातात तो प्रकार) असू शकतो, तेव्हा एकाचं बघून दुसऱ्याचा अंदाज करू नका, प्रत्येक पॉट स्वतंत्र वाचा.

ब्लेंड पॉट बदलत असाल तर एमएन टेपरचाच मागा. हा दोन मजली पॉट असतो, मध्यावर टक् असा खटका असतो, आणि त्याचा प्रत्येक ट्रॅक अर्ध्या वाटेपर्यंत पूर्ण उघडाच राहतो, त्यामुळे मध्यावर दोन्ही पिकअप पूर्ण मिळतात. त्याऐवजी साधा दुहेरी बी पॉट लावलात तर मध्यावर दोन्ही पिकअप अर्धे होतात आणि आवाज खचतो, आणि माणूस दोष पिकअपला देत बसतो.

सातवं, ए की बी

ए म्हणजे लॉग, म्हणजे ऑडिओ टेपर. बी म्हणजे लिनिअर. आशियातल्या आणि आजच्या बहुतेक मालावर हाच अर्थ आहे, पण युरोपातल्या काही जुन्या पॉटवर ए-बी चा अर्थ वेगळा सापडतो, म्हणून शंका असेल तर मोजा. नॉब बरोबर मध्यावर आणा, मधला पाय आणि एक बाहेरचा पाय मोजा. एकूणच्या निम्मं आलं तर लिनिअर. एकीकडे दहा ते वीस टक्के आणि दुसरीकडे ऐंशी-नव्वद टक्के आलं तर लॉग.

टोनला ए, यात मला शंकाच नाही. टोन पॉटमध्ये कानाला कळणारा सगळा बदल शेवटच्या थोड्या ओहममध्ये होतो, २५० वरून १५० वर आणलं तरी फारसं काही होत नाही, खरी मजा ५०के च्या खाली. बी लावलात तर दहापासून दोनपर्यंत नॉब फिरवत राहाल आणि काही होणार नाही आणि मग दोन ते शून्यमध्ये सगळं एकदम. ए तोच भाग जास्त फिरकीवर पसरवतो.

व्हॉल्युमचं जरा चवीवर आहे. एकच व्हॉल्युम असेल तर ए, कान आवाज लॉगमध्येच ऐकतो त्यामुळे हळूहळू कमी होत गेल्यासारखं वाटतं. पण जॅझसारखे दोन व्हॉल्युम असतील आणि त्यांनी तुम्ही पिकअप मिसळत असाल तर मी बी घेईन. मध्यावर बी पॉट साधारण ६ डेसिबल कमी करतो आणि ए पॉट १६ ते २०, म्हणजे ए मध्ये पाचावर आलेला पिकअप जवळपास गेलेलाच असतो, तर बी मध्ये ब्रिजचा पिकअप थोडासा मागे ओढायला भरपूर जागा मिळते. फेड-इन सारखं काही करत असाल तर ए बरा.

डावखुऱ्या बासला आणि उलटा फिरणारा नॉब हवा असेल तर सी, म्हणजे उलटा लॉग. नाहीतर टोकाच्या वायरी उलटवून ए लावलात की टेपरचा विचका होतो.

आठवं, मापं. इथे पैसे सर्वात जास्त वाया जातात

व्हॅल्यू बरोबर आणि पॉट भोकात जात नाही, हे फार होतं. अमेरिकन धाटणीच्या फुल साइज पॉटच्या, म्हणजे सीटीएस वगैरे, आट्यांचा व्यास ३/८ इंच असतो, साडेनऊ मिलिमीटर. आशियात बनलेल्या बजेट बासमध्ये बऱ्याचदा १६ मिलिमीटरचे मिनी पॉट असतात आणि त्यांच्या आट्या ७ किंवा ८ मिलिमीटरच्या. म्हणजे सीटीएस घेतलात तर भोक मोठं करावं लागणार. धातूच्या प्लेटला चालतं, पण लाकडी बॉडीला ड्रिल लावू नका, रंग टवके निघून उडतो, हाताने फिरवायचा रीमर वापरा आणि थोडं थोडं मोठं करा. खरं सांगायचं तर नवख्याने मिनीच्या जागी चांगला मिनीच लावावा, आल्फा कंपनीचे १६ मिलिमीटरचे पॉट अगदी व्यवस्थित असतात आणि पॉटचा आकार लहान म्हणून टोन लहान होत नाही.

दांडी बघा. सॉलिड दांडी ६.३५ मिलिमीटरची असेल तर बाजूला बारीक स्क्रू असलेला नॉब बसतो, प्रिसिजन-जॅझवर तसेच असतात. कापलेली, दाते असलेली स्प्लिट दांडी असेल तर दाबून बसवायचा नॉब, आणि त्यातही सीटीएसला २४ दाते आणि मेट्रिक ६ मिलिमीटरच्या दांडीला १८, एकाचा नॉब दुसऱ्यावर जोर लावून बसवलात तर प्लास्टिक चिरतं.

आट्यांची लांबी मोजा. पॉट धातूच्या प्लेटवर किंवा पिकगार्डवर असेल तर आखूड चालतो. मागून पोकळी असलेल्या, लाकडातून दांडी वर येणाऱ्या बासमध्ये लाकडाची जाडी मोजा आणि वॉशर-नटसाठी वर तीन मिलिमीटर तरी धरा. आणि झाकण बसेल का, शेजारचा पॉट, बॅटरी, जॅक यांना फुल साइज पॉटची २४ मिलिमीटरची डबी टेकणार नाही ना, तेही पट्टी लावून बघून घ्या.

नववं, कुठून घ्यायचा

मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली, इथे पॉट मिळतात, पण बहुतेक दुकानांत माल ॲम्प-रेडिओ रिपेअरच्या हिशोबाचा असतो, १०के, १००के असे आणि बरेचसे बी. काउंटरवर नुसतं "अडीचशे के द्या" म्हणू नका, जुना पॉट सोबत न्या, "लॉग पाहिजे" असं स्पष्ट सांगा आणि आट्या-दांडी तिथेच ताडून बघा. २५०के नाही पण २२०के आहे म्हणाले तर घ्या, ४७०के हा ५००के च्या जागी घ्या, वीस टक्क्यांच्या खेळात तो फरक बुडून जातो. मल्टीमीटर खिशात असेल तर काउंटरवरच मोजा. सीटीएस, एमएन ब्लेंड, किंवा प्रीॲम्पचे दोन मजली पॉट मात्र गिटारचे पार्ट ठेवणाऱ्यांकडून ऑनलाइनच मागवावे लागतात, दोन-तीन जास्तीचे घेतलेत तर त्यातून मोजून हवा तो निवडता येतो, जास्त धार हवी असेल तर २८०के वाला, कमी हवी तर २२०के वाला.

दहावं, लावताना

टोनचा कपॅसिटर तोच ठेवा, पॅसिव्ह बासमध्ये बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरड असतो आणि त्यावर ४७३ लिहिलेलं असतं. एका वेळी पॉट आणि कपॅसिटर दोन्ही बदललेत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

पॉटची पाठ बारीक सँडपेपरने खरवडा, मग तिथे सोल्डर धरतो. ४० ते ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या. २५ वॅटच्या छोट्या आयर्नने पाठ तापायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात उष्णता आत पोचून ट्रॅक खराब होतो, जोरदार आयर्नने दोन-तीन सेकंदात काम संपतं. वायरी एकेक करून जुन्या पॉटवरून नव्यावर हलवा, सगळ्या एकदम सोडवू नका. जॅझ बासमध्ये पिकअपची वायर बहुधा मधल्या पायावर असते आणि आउटपुट बाहेरच्या पायावरून निघतं, तसं असल्यामुळेच एक व्हॉल्युम शून्य केला तरी दुसरा पिकअप चालू राहतो. प्रिसिजनमध्ये नेमकं उलट, पिकअप बाहेरच्या पायावर. दुसऱ्या बासचा डायग्राम बघून वायरी फिरवू नका, तुमच्याच फोटोंवरून चाला.

ब्रिजकडून येणारी ग्राउंडची वायर पॉटच्या पाठीवर परत लावायला विसरू नका. राहिली तर हम वाढतो आणि तारांना हात लावला तरी कमी होत नाही.

नट आवळताना पॉटची डबी हाताने धरून ठेवा, नाहीतर पॉट आत गोल फिरतो आणि नुकत्या लावलेल्या वायरी पिळवटून तुटतात. तारा चढवायच्या आधी केबल लावा, ॲम्प अगदी हळू ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिकअपच्या खांबांवर हलकेच टकटक करा. प्रत्येक नॉब फिरवून बघा. नॉब उलटा चालत असेल, म्हणजे डावीकडे पूर्ण आणि उजवीकडे बंद, तर बाहेरच्या दोन पायांवरच्या वायरी अदलाबदल झाल्यात. सगळ्या नॉबना काहीच फरक पडत नसेल आणि नुसता हम असेल तर आधी जॅकवरची गरम वायर आणि ग्राउंड बघा. सगळं ठीक असेल तर नॉब बसवा, तारा चढवा, ट्यून करा, आणि पहिले काही दिवस टोन दहावर ठेवून नेहमीचीच गाणी नेहमीच्याच ॲम्पवर वाजवा, नव्या भाराखालचा आवाज तुमच्या हाताला जमतोय की नाही ते त्यातच कळेल.